पुढची जोडी

लितु गावात कोबीचा हंगाम सुरू झाला की इबू उजाडायच्या आत रानात असे, आणि दरीतलं धुकं वर सरकेपर्यंत बांधावर भरलेल्या क्रेटची भिंत उभी राही. पंचवीस किलोचं क्रेट ती एका हिसक्यात मांडीवर आणि दुसऱ्या हिसक्यात खांद्यावर घेई. वय चव्वेचाळीस, पण गावातला एकही पुरुष तिच्याशी ओझ्याची पैज लावत नसे. हाडच तसं होतं. तिचे वडील डोंगरातले हमाल. मध्यरांगेवरच्या त्या लांबलचक वाटेवर मुक्कामाच्या ज्या झोपड्या आहेत, त्यांतल्या दोन झोपड्यांचे पत्रे आणि सिमेंट त्यांच्या पाठीवरून वर गेलेलं. लहान असताना इबूने हट्ट धरला होता, मलाही ने. वडील म्हणाले, ज्याच्याशी लग्न करशील तो नेईल.

तिने दाहूशी लग्न केलं. दाहूही हमालच. मैदानातल्या शहरी लोकांचे तंबू, तांदूळ, भांडी पाठीवर घेऊन पूर्वेकडून चढायचं आणि आठ दिवसांनी पश्चिमेला तुंगपूत उतरायचं, हा त्याचा धंदा. बावीस वर्षांत त्याने तिला एकदाही नेलं नाही. तिनेही विचारलं नाही. आधी मुलगी लहान होती, मग सासू अंथरुणावर होती, आणि मग विचारायची वेळच निघून गेल्यासारखं झालं.

घरी दाहू बोलत नसे. रागावलेला नसे, नुसता गप्प. गमबूट दारात उलटे करून ठेवायचा, जेवायचा, ओझं पेलायच्या कपाळपट्ट्याची शिवण उसवली असेल तर ती घालत बसायचा. त्याच्याकडून जी चार वाक्यं मिळत त्यांतली तीन लांगुईची असत. लांगुई म्हणते, आलं किसू नये, ठेचावं. लांगुई म्हणते, डुकराच्या मांसाला आदल्या दिवशीच मीठ चोळावं, म्हणजे वाटेत पाणी सुटत नाही. इबू आलं ठेचू लागली, आदल्या दिवशी मीठ चोळू लागली. चव खरंच सुधारली, आणि हेच तिला सगळ्यांत जास्त खुपलं.

लांगुई खालच्या आळीत एकटी राहायची. नवरा कारखान्यात कामाला म्हणून पश्चिमेकडे गेला तो तिकडचाच झाला. चणीने लहान, पोटऱ्या मात्र दगडासारख्या, आणि हसायची ते अख्खं तोंड उघडून. सहा वर्षं ती आणि दाहू हमालांच्या तुकडीची ‘पुढची जोडी’ होते. बाकीच्यांच्या आधी निघायचं, पुढच्या मुक्कामावर पाणी भरायचं, शेगडी पेटवायची, आणि दमलेले पाहुणे येऊन बसले की त्यांच्या हातात आल्याचं गरम पाणी द्यायचं. कोबी कापताना बायका इबूला म्हणत, “तुझा नवरा महिन्यातले वीस दिवस तिच्या हातचं खातो. तुझ्या हातचं त्याला लागतं तरी का गं गोड?” इबू त्यांच्यासोबत हसायची. त्या दिवशी तिचा कोयता जरा खोल जायचा.

संशय म्हणावा तर तसा नव्हता. हमालांचा एकच तंबू, आणि त्याच्या दाराशी तुकडीचे म्होरके म्हातारे तामा सालिझान आडवे झालेले. तिथे संशयाला जागा कुठली? संशय असता तर भांडता तरी आलं असतं. इबूला सलत होतं ते वेगळंच. आपल्या नवऱ्याचं एक अख्खं आयुष्य दुसऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर चाललं आहे, आणि आपल्या वाट्याला त्याचे फक्त मळके कपडे येतात.

त्या वर्षी शरदात तुकडीतल्या उमासची बोटं कोबीच्या ट्रकच्या फळीत चेमटली. पाहुणे ठरलेले, परवाना निघालेला, आणि एक पाठ कमी. तामा सालिझान संध्याकाळी दाहूच्या अंगणात आले. त्यांना आणखीही एक सांगायचं होतं. हा आपला शेवटचा हंगाम. वसंतापासून तुकडी दाहूची. म्होरक्याला आपली जोडी स्वतः निवडावी लागते, तेव्हा तुंगपूला उतरण्याआधी दाहूने नाव सांगावं. नाव कुणाचं असणार हे अंगणातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

“उमासचं ओझं मी घेते,” इबू म्हणाली.

दाहू पट्टा शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “तिथे कोबी नाही.”

तुकडीतला बियुंग फिसकन हसला. तामांनी मात्र तिच्या खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, हिच्या बापाने त्या झोपड्या पाठीवर वर नेल्या, पोरीला एकदा बघून तरी येऊ दे.

पहिले दोन दिवस पुढची जोडीही सगळ्यांसोबतच चालत होती, आणि इबूला डोंगर असा दिसलाच नाही. कपाळावर पट्टा ताणलेला असला की नजर जमिनीला खिळते. दिसतात ते पुढच्या माणसाचे गमबूट. तिच्या पुढे लांगुईचे होते आणि त्यांच्या पुढे दाहूचे. चालताना ती दोघं बोलत नसत. दाहू एखाद्या खडकाला पाठ टेकवून ओझ्याचा भार त्यावर सोडी आणि हात मागे करी. लांगुई त्या हातावर कच्च्या नूडल्सचा अर्धा तुकडा ठेवी. उतार आला की तो काठीने एका दगडावर टकटक करी, आणि ती बरोबर तो दगड टाळून पाऊल टाकी. इबूने तोच दगड निवडला आणि घसरली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मुक्कामावर दाहू वेगळाच माणूस होता. पाहुण्यांमध्ये त्साय नावाचे एक निवृत्त मास्तर होते. प्रत्येक वळणावर ते नकाशा उघडून, चष्मा कपाळावर चढवून, वाट बरोबर असल्याची खात्री करून घेत. दाहू त्यांची अशी हुबेहूब नक्कल करी की मास्तरच पोट धरून हसत. दुसऱ्या संध्याकाळी लाकुयिन ओढ्याकाठच्या झोपडीत शेगडीभोवती बसल्यावर त्याने खालच्या सुरात गाणं धरलं. बियुंगने त्यावर आपला सूर ठेवला, तामांनी आपला, आणि सगळ्यांच्या वर, अगदी ऐन जागी, लांगुईचा येऊन बसला. गाणं इबूलाही येत होतं. चर्चमध्ये दर रविवारी ती त्याच्या शेजारी उभी राहून गायची; तिथे त्याचे ओठ जेमतेम हलत. इथे त्याच्या मानेची शीर फुगली होती. इबूने तोंड उघडलं, पण चारही सूर भरलेले होते. पाचव्याला जागा कुठे असते ते तिला सापडलं नाही. तिने तोंड मिटलं आणि तांदळातले खडे निवडायला घेतले. तांदूळ निवडलेलाच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी झोपडीपुढे सगळी ओझी बांधून तयार होती. समोर लुलु दरीकडे जाणारा उभा चढ. पुढची जोडी निघायची होती. दाहूने पट्टा कपाळावर घेतला, लांगुईने घेतला, दोघांनी मिळूनच एक पाऊल उचललं, आणि इबू शिंकली.

ओझं उचलल्यावर कुणी शिंकलं तर त्या दिवशी पाऊल टाकायचं नाही, हा तिथला जुना नेम. गावात पोरंसोरं त्याची टिंगल करतात. तामा सालिझान रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर असतात. पण डोंगरात शिंक ती शिंकच. त्यांनी शांतपणे ओझं खाली टेकवलं, दगडावर बसले आणि सिगारेट पेटवली. दाहू, लांगुई, बियुंग, सगळ्यांनी ओझी उतरवली.

त्साय मास्तरांना आधी काही कळेना. कळल्यावर ते तामांपुढे येऊन म्हणाले, आकाश निरभ्र आहे, आणि एका शिंकेपायी अख्खा दिवस घालवायचा?

“पावसासाठी एक दिवस हातचा ठेवलाय ना मास्तर,” तामा म्हणाले. “समजा, आज पाऊस आहे.”

इबूने एवढा विचार केला नव्हता. त्या दोघांनी मिळून उचललेलं पाऊल तिला दिसलं, आणि ते खाली टेकू नये एवढंच तिला वाटलं. पुढचं तिच्या हातात राहिलं नाही. तिने जोडी तोडायला शिंक काढली होती, आणि जोडीला मिळाली सुट्टी. दाहू आणि लांगुई ओढ्यावर बसून वाळूने टोप घासत होते. लांगुईने पाय पाण्यात सोडले होते. दाहू कसली तरी नक्कल करत होता, लांगुईचं हसू वरपर्यंत ऐकू येत होतं, आणि ऊन तर असं पडलं होतं की जणू खास त्यांच्यासाठी मागवलेलं. इबू वर झोपडीच्या पायरीवर बसून बघत राहिली. स्वतःच्या हाताने दिलेली सुट्टी.

दुपारी दाहू आणि बियुंग पाण्याची नळी कुठे फुटली आहे ते बघायला वर गेले, तेव्हा लांगुई घासलेले टोप घेऊन पायरीशी आली.

“शिंक छान होती,” ती म्हणाली.

“आली ती आली.”

“खरी शिंक यायची असली की माणसाचे डोळे मिटतात. तू माझ्याकडे बघत होतीस.”

इबूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मग जा, सांग तामांना.”

“सांगणारच होते. पण मलाही आजचा दिवस हवा होता.” लांगुईने पायजमा वर सरकवला. गुडघा सोललेल्या अळकुडीसारखा सुजून चकाकत होता. “पहिल्याच दिवसापासून असा आहे. दाहूला माहीत नाही. कळलं तर वसंतात तो मला घेणार नाही. आणि कोबी काही मला कापता येत नाही.”

“शिकता येतं.”

“हो. चालायलाही शिकता येतं,” लांगुई म्हणाली आणि पट्ट्याने सोललेल्या इबूच्या कपाळाकडे बघून जराशी हसली.

मग लांगुईने टोपाच्या कडेवरून बोट फिरवत, सहज विचारावं तसं विचारलं, “घरी काय बोलतो गं तो?”

इबूच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

“सगळंच,” ती म्हणाली. “झोप लागेपर्यंत बोलतो.”

लांगुईने मान हलवली आणि ओढ्याकडे तोंड फिरवलं. तिच्या पाठीकडे बघताना इबूला बरं वाटलं. उपाशी माणसाला पहिल्या घासाला वाटतं तसं. दुसऱ्या घासाला तेवढं वाटलं नाही.

रात्रीपासून इबूच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. उद्या त्या चढावर हा गुडघा दगा देणार. मग दाहू ओझं उतरवून खाली बसणार, आणि लांगुई त्याच्या पाठीवर. तिचे हात त्याच्या गळ्यात, तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर, आणि तशी ती लुलु दरीपर्यंत जाणार. बियुंग ती गोष्ट गावात सांगणार, बायका कोबी कापताना सांगणार, इबू म्हातारी होईपर्यंत सांगणार. सकाळी कुणी उठायच्या आत तिने लांगुईच्या ओझ्याच्या चौकटीवरचे तिन्ही टोप आणि तांदळाची पिशवी सोडवून आपल्या ओझ्यावर बांधली.

“हे कशाला?” लांगुईने हळूच विचारलं.

“तुझ्या गुडघ्यासाठी नाही,” इबू म्हणाली, आणि ते खरं होतं.

पुढे दोघंच जातात, असं तामा म्हणाले. तांदूळ आणि टोप माझ्याकडे आहेत, म्हणजे मला जायलाच हवं, असं इबू म्हणाली. दाहूने तिच्या पाठीवरच्या टोपांकडे पाहिलं, लांगुईच्या हलक्या ओझ्याकडे पाहिलं, आणि चालू लागला. आज कुणी शिंकलं नाही.

चढ निभावला. कमरेएवढ्या बुटक्या बांबूतून वाट काढत, सांबरांनी तुडवलेल्या चिखलातून, दर शंभर पावलांवर श्वास गोळा करत तिघं धारेवर पोहोचली. वाऱ्याने टोप पाठीवर वाजत होते. इबूला एका गोष्टीचा आनंद होता: आपण तिसऱ्या असलो तरी त्या दोघांच्या मधे आहोत. मग लुलु दरीचा उतार लागला आणि दुसऱ्याच वळणावर लांगुई खाली बसली. ओरडली नाही. नुसती बसली, आणि उठता येत नाही हे तिच्या चेहऱ्यावर आलं.

दाहूने ओझं उतरवलं. गुडघा पाहिला. “कधीपासून?” एवढंच विचारलं. लांगुईने पायजमा खाली ओढून गुडघा झाकला. तो तिच्यापुढे पाठ करून उकिडवा बसला, हमाल बसतात तसा, हात मागे करून.

इबूने पट्टा कपाळावरून ओढून काढला. टोप खणखणत खाली पडले. ती दाहूच्या शेजारी, त्याच्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे, तशीच उकिडवी बसली.

“तुला जमायचं नाही,” दाहू म्हणाला.

“दोन क्रेटइतकं तर वजन आहे तिचं. कोबी बोलत नाही एवढाच फरक.”

समोर दोन पाठी. लांगुई एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. तिने घेतलेला वेळ इबूला फार मोठा वाटला. मग दगडासारख्या पोटऱ्यांची ती लहानखुरी बाई इबूच्या पाठीवर आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “तुझ्या पाठीवरून गेले तर गावात तोंड दाखवता येईल.”

दाहू इबूचं ओझं घेऊन पुढे निघाला. आपलं ओझं नेण्यासाठी तो पुन्हा वर येणार होता. लांगुईचं लहान ओझं इबूने पोटाशी बांधून घेतलं. उतार मुळांचा आणि निसरड्या दगडांचा होता. लांगुई तिच्या कानाशी बारीक आवाजात सांगत गेली: इथे डावा पाय, इथे मुळाला धर, हा दगड हलतो. सहा वर्षांची वाट ती एकेक पाऊल करून इबूच्या कानात ओतत होती.

“आता थांब,” एका खडकापाशी ती म्हणाली. “तो नेहमी इथेच पाठ टेकवतो.”

त्या खडकाला माणसाच्या कमरेच्या उंचीवर एक कंगोरा होता, ओझं टेकवायला मुद्दाम केल्यासारखा. इबूला तिथे थांबायचं नव्हतं. ती तशीच चार पावलं पुढे गेली. पाचवं पाऊल उचललंच नाही. ती मागे फिरली, त्याच कंगोऱ्यावर लांगुईला टेकवलं आणि धापा टाकत उभी राहिली. समोर अख्खी दरी उघडी पडली होती: वठून चंदेरी झालेली झाडं, त्यांच्या मधून खाली झोपडीचा पत्रा. बावीस वर्षं तो इथे थांबून हे बघत होता, आणि घरी येऊन त्यातलं अक्षरही बोलला नव्हता. शेजारी लांगुईसुद्धा तेच बघत होती. तिला नवीन काहीच नव्हतं.

दुपार कलल्यावर बाकीचे येऊन पोहोचले. त्साय मास्तरांनी आपल्याकडचं मलम काढून दिलं आणि ते कसं चोळायचं यावर व्याख्यान दिलं. तामा सालिझाननी गुडघा दाबून पाहिला, रेडिओवरून खाली कळवलं. सकाळी हवा साफ असेल तर लांगुईला न्यायला हेलिकॉप्टर येणार होतं. मग ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, काल एक दिवस विसावा मिळाला म्हणून हा गुडघा चढावर तरी टिकला. नाहीतर वरच्या धारेवर, वाऱ्यात बसावं लागलं असतं. “आमचे म्हातारे उगीच नव्हते शिंकेला मानत, मास्तर.” मास्तरांनी गंभीरपणे मान डोलावली. इबूने लांगुईकडे पाहिलं. लांगुई छताकडे बघत होती, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलत होता.

“उद्या पुढे कोण?” तामांनी विचारलं.

दाहू वर जाऊन आपलं ओझं घेऊन नुकताच आला होता. कपाळावर पट्ट्याची लाल रेघ तशीच होती. “इबू,” तो म्हणाला.

“आणि वसंतात?” बियुंगला राहवलं नाही.

“सांगितलं ना.”

हे नाव ऐकण्यासाठी इबू लितुपासून चालत आली होती. पण ऐकताना तिची नजर दाहूकडे गेलीच नाही. ती गेली लांगुईकडे. लांगुई गुडघ्याला बांधलेल्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. गाठ चांगली घट्ट होती.

शेगडी इबूने पेटवली. पाणी चढवलं, आलं ठेचलं. दाहू तिच्या शेजारी बसून खारवलेलं मांस कापू लागला. पलीकडे पाहुणे ओले मोजे वाळत घालत होते, बियुंग त्यांना गोष्टी सांगत होता, आणि दुमडलेल्या तंबूवर पाय ठेवून लांगुई भिंतीशी बसली होती. तिच्या नजरेचा चटका इबूला मानेवर जाणवत होता. दाहू गप्प होता. घरच्यासारखाच. इबूला वाटलं, आपण घर पाठीवर घालून इथवर आणलं की काय.

मग मांसावरची नजर न काढता दाहूने डावा हात तिच्याकडे पुढे केला. तळवा वर.

इबूने आजूबाजूला पाहिलं. मिठाची पुडी होती, पळी होती, दुसरी सुरी होती, झाकण होतं, पाण्याचा पेला होता. भिंतीपाशी लांगुईने सांगण्यासाठी श्वास घेतला.

“सांगू नकोस,” इबू मागे न वळता म्हणाली.

लांगुईने तो श्वास तसाच सोडला. दाहूने मान वर केली. कोण कुणाला काय म्हणतंय ते त्याला उमगलं नाही. पण हात त्याने खाली घेतला नाही. टोपातल्या पाण्याला आधण येत होतं, आणि इबू त्या उघड्या तळव्याकडे, त्यावरच्या एकेका भेगेकडे बघत, काय हवं असेल याला, ते शोधत राहिली.